गाभा माणसाचा, पाणी कालवाचे

संवर्धित मोती, म्हणजे सराफाच्या पेढीवर ज्याला ‘कल्चर मोती’ म्हणतात तो, खोटा मोती नव्हे. तो जिवंत कालवाच्या किंवा शिंपल्याच्या अंगातच तयार होतो आणि नैसर्गिक मोत्याच्याच द्रव्याचा बनतो. फरक एवढाच, की त्याची सुरुवात माणूस करून देतो. पण या सुरुवातीचे परिणाम शेवटपर्यंत पोचतात. मोत्याचा आकार, गोलाई, तेज, टिकाऊपणा यांत माणसाचा वाटा किती आणि प्राण्याचा किती, हे तिथेच ठरते. संवर्धित मोती पारखणे म्हणजे बऱ्याच अंशी हे दोन वाटे वेगळे करून पाहणे.

मोत्याचे द्रव्य तसे साधे आहे. खडू आणि संगमरवर ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्याचेच ॲरॅगोनाइट या स्फटिकरूपातले अतिशय पातळ पत्रे एकावर एक रचले जातात. एका पत्र्याची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. कॉन्किओलिन नावाचे प्रथिन या पत्र्यांना धरून ठेवते. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जो झळझळीत मोतिया थर दिसतो, त्याची रचनाही हीच. हा थर घडवतात त्या प्रावाराच्या पेशी. प्रावार म्हणजे कालवाच्या मऊ शरीराला वेढणारी पातळ घडी. जखम झाल्यामुळे किंवा एखादा परजीवी घुसल्यामुळे यातल्या काही पेशी शरीरात आत ढकलल्या गेल्या, की तिथे त्यांची एक बंद पिशवी बनते आणि तिच्या पोकळीत थरावर थर चढू लागतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाभोवती एक थर बसत गेले, की मोती होतो.

वाळूचा कण आत शिरला की मोती होतो, ही समजूत फार पसरलेली आहे. पण समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्याला वाळू रोजचीच, आणि ती बाहेर टाकणे त्याला चांगले जमते. कण असला काय नि नसला काय, प्रावाराच्या पेशी योग्य जागी पोचल्याखेरीज मोती होत नाही. स्वाती नक्षत्राच्या थेंबाची कल्पना कवींनी जपली. ती सुंदर आहे, पण शेतीला तिचा उपयोग नव्हता. मोत्यांची शेती शक्य झाली ती पेशींचे हे काम लक्षात आल्यावर.

तसे प्रयत्न मात्र त्याआधीही झाले होते. चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत शिंपला आणि प्रावार यांच्यामध्ये बुद्धाच्या लहान चपट्या मूर्ती सरकवत आणि त्यांच्यावर मोतिया थर चढू देत. ही पद्धत काही शतके चालत आली होती. अठराव्या शतकात स्वीडनच्या कार्ल लिनियसने नदीतल्या शिंपल्यात मोती पिकवून दाखवले, पण त्याचा धंदा झाला नाही. धंदा उभा राहिला तो जपानमध्ये. तोबा या गावी १८५८ साली जन्मलेला कोकिची मिकिमोतो हा मूळचा नूडल्स विकणाऱ्या घरातला. त्याला १८९३ साली अकोया जातीच्या कालवात अर्धगोल मोती मिळाले. ते शिंपल्याच्या भिंतीला चिकटून वाढलेले होते. गोल मोती हवा तर मणी शरीराच्या आत, पेशींच्या पिशवीत ठेवायला हवा होता. ती युक्ती तातसुहेई मिसे हा सुतार आणि तोकिची निशिकावा हा जीवशास्त्रज्ञ या दोघांच्या नावावर जमा आहे. दोघांनीही १९०७ च्या सुमारास आपापले हक्क मागितले आणि पुढे ही पद्धत ‘मिसे-निशिकावा’ या जोडनावाने ओळखली जाऊ लागली. मिकिमोतोचे खरे कर्तृत्व शोधापेक्षा पुढच्या कामात होते. उत्तम गाभा कशाचा हे त्याने शोधले, हजारो कालवांचे शेत सांभाळले आणि जगाला हा मोती घ्यायला लावला. हलक्या मालाने नाव खराब होऊ नये म्हणून त्याने १९३२ साली कोबे शहरात निकृष्ट मोत्यांचा ढीग लोकांसमक्ष जाळला. त्यात व्यापारी धोरणही होते आणि नाटकही.

आजही काम त्याच रीतीने चालते. दोन-तीन वर्षांचे कालव निवडतात. दुसऱ्या एका निरोगी कालवाचा बळी देऊन त्याच्या प्रावाराची पट्टी कापतात आणि तिचे दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करतात. शिंपला थोडासा उघडून त्यात पाचर लावली जाते, प्रजनन ग्रंथीत बारीक चीर दिली जाते, मणी आत सरकवला जातो आणि प्रावाराचा तुकडा त्याला लागून ठेवला जातो. कुशल हाताला हे सारे करायला मिनिटभर पुरते, मात्र तुकड्याची पेशींची बाजू मण्याला टेकली नाही तर सगळे वाया. त्या तुकड्यातल्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी करतात. मग कालवे जाळ्यांत भरून तराफ्यांखाली टांगतात आणि त्यांच्या पाठीवर चढलेले शेवाळ, बार्नेकल वगैरे वेळोवेळी खरवडून काढतात. यातली बरीच कालवे मरतात, काही मणी बाहेर टाकतात, आणि उरलेल्यांतले उत्तम प्रतीचे मोती अगदी थोडे निघतात. शैवाल माजून पाणी लाल करणारी ‘लाल भरती’ किंवा रोगाची साथ आली तर वर्षाचे पीक जाते. १९९० च्या दशकात जपानी शेतांनी असा मोठा फटका खाल्ला.

मणी कशाचा असतो हेही ऐकण्यासारखे आहे. तो प्लास्टिकचा किंवा काचेचा नसतो. अमेरिकेत मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांत सापडणाऱ्या जाड कवचाच्या शिंपल्यांपासून तो कातून घेतात. या शिंपल्यांची एके काळी बटणे होत. कवच पुरेसे जाड, पांढरे आणि मोत्याइतक्याच घनतेचे असल्यामुळे भोक पाडताना मणी आणि थर एकमेकांपासून सुटत नाहीत. जपानी मोत्याच्या पोटात अमेरिकन नदीचा तुकडा असतो तो असा.

या मण्यामुळे एक साधा हिशेब करता येतो. सात मिलिमीटरच्या अकोया मोत्यावर ०.४ मिलिमीटरचा थर असेल, तर आतला मणी ६.२ मिलिमीटरचा. आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून त्या मोत्याचा जवळजवळ ७० टक्के भाग मणीच असतो. उलट, बारा मिलिमीटरच्या मोत्यावर दोन मिलिमीटरचा थर असेल तर मणी आठ मिलिमीटरचा आणि त्याचा वाटा फक्त ३० टक्के. दोन्ही मोती गोल, दोन्ही चमकणारे. पण पहिल्याच्या आकाराचे आणि गोलाईचे श्रेय मुख्यतः कारखान्यात कातलेल्या मण्याला आहे, दुसऱ्याचे बऱ्याच अंशी कालवाला. ग्राहक नजरेने आकार आणि गोलाई मोजतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी माणसाला सर्वांत सहज पुरवता येतात.

संवर्धित मोत्याचे चार मोठे प्रकार बाजारात येतात. अकोया मोती पिंक्ताडा फुकाटा या लहान कालवात होतो. त्याचा आकार बहुधा सहा ते आठ मिलिमीटर असतो, क्वचित दहाच्या आसपास जातो. थर पातळ असला तरी अत्यंत घट्ट आणि नितळ, त्यामुळे त्याच्यासारखी धारदार चमक दुसऱ्या कुठल्या मोत्याला नसते. जपानच्या मिए, एहिमे आणि नागासाकी या भागांत त्याची शेते आहेत. दक्षिण समुद्राचा मोती पिंक्ताडा मॅक्सिमा या ताटलीएवढ्या कालवात होतो. ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा, इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि म्यानमार ही त्याची ठिकाणे. ऑस्ट्रेलियात त्याचे पहिले शेत १९५६ साली कुरी बे इथे सुरू झाले. हा मोती दहा ते पंधरा मिलिमीटरचा, कधी त्याहून मोठा. रंग रुपेरी, पांढरा किंवा सोनेरी, आणि तेज मऊ, साटीनसारखे. कालव मोठे आणि धट्टेकट्टे असल्यामुळे एक मोती काढून त्याच जागी दुसरा मणी ठेवता येतो. अकोयात सहसा तसे होत नाही. एका पिकाबरोबर त्याचे आयुष्य संपते. तिसरा ताहितीचा काळा मोती. तो काळ्या ओठाच्या पिंक्ताडा मार्गारिटिफेरात, फ्रेंच पॉलिनेशियाच्या खाजणांत होतो. नाव काळा असले तरी तो राखाडी, हिरवा, मोरपंखी, वांगी अशा छटांचा असतो, आणि हे रंग रंगवलेले नसतात.

चौथा प्रकार गोड्या पाण्याचा, आणि वरचा हिशेब तिथे पार उलटा होतो. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या झूजी शहराभोवतीच्या तळ्यांत हायरिओप्सिस जातीच्या शिंपल्यांत मणी न घालता नुसते प्रावाराचे तुकडे ठेवतात, तेही एकेका शिंपल्यात तीस-चाळीस. म्हणजे मोत्यात माणसाचे काहीच उरत नाही. गाभ्यापर्यंत सगळा मोतिया थर. असे असूनही हा मोती सगळ्यांत स्वस्त. कारण मण्याचा आधार नसल्यामुळे तो क्वचितच पूर्ण गोल होतो आणि उत्पादन प्रचंड असते. द्रव्य पाहिले तर तो नैसर्गिक मोत्याला सर्वांत जवळचा, मान मात्र सर्वांत कमी. बाजार काय मोजतो आणि काय मोजत नाही हे इथे उघडे पडते. जपानच्या बिवा सरोवरात हीच पद्धत आधी भरभराटीला आली होती, पण पाण्याच्या प्रदूषणाने ती मोडली. अलीकडे चिनी शेतकरीही मणी घालून मोठे गोल मोती काढू लागले आहेत.

यांखेरीज दोन उपप्रकार सांगायला हवेत. कालवाने मणी टाकून दिला पण पेशी मागे राहिल्या, तर त्यांच्यापासून लहान वेडावाकडा मोती होतो. त्याला केशी म्हणतात. तो शेतातला अपघात असला तरी पूर्ण थराचा असल्याने त्याची चमक पाहण्यासारखी असते. शिंपल्याच्या भिंतीवर वाढवलेला अर्धगोल मोती म्हणजे माबे. तो कापून, आत भरण घालून, मागे मोतीशिंपेची चकती लावून कानातल्यात किंवा अंगठीत बसवतात.

आता गुणांकडे. त्यांत पहिला मान तेजाचा. मराठी जोहरी त्याला मोत्याचे ‘पाणी’ म्हणतात. पाणीदार मोत्यात समोरच्या दिव्याचे किंवा खिडकीचे प्रतिबिंब काठासकट स्पष्ट दिसते. हलक्या मोत्यात ते पसरट, दुधाळ डाग होऊन राहते. पाणी कशावर ठरते? थर पुरेसा जाड हवाच, पण जाडीपेक्षाही पत्र्यांची मांडणी सरळ आणि पत्रे पातळ व एकसारखे हवेत. समुद्र थंड झाला की कालवाचे काम मंदावते आणि पत्रे अधिक बारीक बसतात, म्हणून जपानी शेतकरी अकोयाचे पीक कडाक्याच्या हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत काढतात. गुणवत्तेत कालवाचा स्वतःचा असा वाटा आहे तो इथे. मणी हवा तेवढा गोल कातता येतो, पण पाणी चढवता येत नाही.

थराची जाडी हा स्वतंत्र गुण. लवकर पैसा हवा म्हणून मणी टाकून काही महिन्यांतच मोती काढला, तर थर इतका पातळ राहतो की मोती बोटांत फिरवला असता आतल्या मण्याचे पट्टे एकदा उजळ, एकदा गडद असे लुकलुकतात. अशा मोत्याचे तेज वापराने झिजते आणि भोकाजवळ थर सुटू लागतो. फ्रेंच पॉलिनेशियाने ताहिती मोत्यांच्या निर्यातीसाठी किमान ०.८ मिलिमीटर थराची अट कायद्याने घातली होती, ती या धास्तीनेच.

रंगात तीन गोष्टी येतात. मूळ रंग, त्यावर तरंगणारी छटा, जशी पांढऱ्या अकोयावरची गुलाबी, आणि पृष्ठभागावर खेळणारे इंद्रधनुषी रंग. शेवटचे दोन्ही रंगद्रव्याचे नसतात. पत्रे प्रकाशाच्या तरंगलांबीइतकेच पातळ असल्याने थरांतून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि काही रंग उठून दिसतात. मूळ रंग मुख्यतः प्रावाराचा तुकडा देणाऱ्या कालवावर अवलंबून असतो. त्यामुळे सोनेरी मोत्यासाठी पिवळ्या ओठाचे दातेच शोधले जातात. कुठला रंग चांगला हे मात्र पाहणाऱ्याच्या कातडीवर आणि त्या-त्या देशाच्या आवडीवर ठरते; त्याला गुण म्हणण्यापेक्षा मागणी म्हणावे.

आकारात गोल पहिला, मग थेंबाचा, बटणाचा, आणि शेवटी ओबडधोबड ‘बरोक’. पृष्ठभागावर खळगे, पुरळ, वळ्या किती यावरही किंमत बदलते. पूर्ण निर्दोष मोती जवळजवळ नसतोच, आणि एखादा डाग भोक पाडताना लपवता येतो. उरतो तो जुळणीचा गुण. एकट्या मोत्यात तो दिसत नाही, दागिन्यात मात्र निर्णायक ठरतो. सर ओवायला रंग, पाणी, आकार जुळणारे मोती शेकड्यांतून निवडावे लागतात. मराठी कुडीत तर मोती एकमेकांना खेटून बसतात. एक जरी फिका निघाला तरी डोळा तिथेच अडतो. थोक व्यापारात वजन मोम्मे या जपानी मापाने होते. एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम. दुकानांत दिसणाऱ्या ‘एएए’ वगैरे प्रती मात्र कुठल्याही जागतिक मापावर ठरलेल्या नाहीत. प्रत्येक विक्रेत्याचा ‘ए’ वेगळा.

काढलेला मोती जसाच्या तसा विकला जातो असेही नाही. अकोया मोती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरंजन करून पांढरे करतात आणि अनेकदा त्यांना हलका गुलाबी रंग देतात. व्यापारात हे नेहमीचे मानले जाते. गोड्या पाण्याचे गडद काळे मोती बहुधा रंगवलेले असतात. अकोयाला राखाडी-निळा करण्यासाठी गॅमा किरणांचा मारा करतात. त्याने थर नव्हे, आतला नदीच्या शिंपल्याचा मणी काळवंडतो. रंग भोकाच्या कडेला गोळा झालेला दिसला तर रंगकाम ओळखता येते.

खरा की खोटा, हा प्रश्न आणि नैसर्गिक की संवर्धित, हा प्रश्न वेगळे आहेत. लोक ते नेहमी एक करतात. काचेच्या मण्यावर माशाच्या खवल्यांचा लेप देऊन केलेला मोती खोटा. ही युक्ती सतराव्या शतकात पॅरिसमध्ये निघाली. दाताच्या कडेवर हलके घासले तर खोटा मोती गुळगुळीत आणि खरा किंचित खरखरीत लागतो. पण संवर्धित मोतीही खरखरीतच लागणार, कारण त्याचाही पृष्ठभाग त्याच पत्र्यांचा. नैसर्गिकपणा सिद्ध करायला क्ष-किरण चित्रच लागते. त्यात नैसर्गिक मोती केंद्रापर्यंत वलयांचा दिसतो, मण्याचा मोती दोन भागांचा. मणी नसलेल्या गोड्या पाण्याच्या मोत्याच्या मध्यभागी प्रावाराच्या तुकड्याची वेडीवाकडी पोकळी शोधावी लागते, आणि ती ओळखणे अनुभवी प्रयोगशाळेचे काम.

या तपासणीची गरज पडली ती बाजार हादरला म्हणून. गोल संवर्धित मोती १९२१ च्या सुमारास लंडन-पॅरिसला पोचले, तेव्हा नैसर्गिक मोती विकणाऱ्या आखाती व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या ग्राहकांच्या पोटात गोळा आला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची हवेली कार्तिए पेढीने १९१७ साली दहा लाख डॉलरच्या दुपदरी नैसर्गिक मोतीहाराच्या बदल्यात मिळवली होती. तोच हार १९५७ साली लिलावात दीड लाखाच्या आसपास गेला. बहारीन, कुवेतचे पाणबुडे आणि त्यांची गलबते १९३० च्या दशकात बसली. त्याला जागतिक मंदीही तितकीच कारण होती. या पडझडीचा धक्का मुंबईला थेट लागला, कारण आखाताचा माल छाटणीला, भोक पाडायला आणि पुढे युरोपला पाठवायला मुंबईतच येत असे. महाराष्ट्रात नथ, तन्मणी, चिंचपेटी यांत शोभणारे बसरा मोती याच वाटेने आले. त्यांचा भाव ‘चव’ या मापाने ठरे. ते वजनाच्या वर्गावर आधारलेले असल्याने दुप्पट वजनाच्या मोत्याची चव चौपट भरे. मोठा मोती किती दुर्मीळ, हे त्या गणितातच होते. मणी कातून आकार देता येऊ लागला, तेव्हा त्या गणिताचा पायाच ढिला झाला. आज जुन्या घाटाच्या दागिन्यांत बहुतेक चिनी गोड्या पाण्याचे मोती असतात.

भारतात गोल संवर्धित मोती पहिल्यांदा १९७३ साली तुतिकोरीनजवळ, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळवला. कालव तेच, पिंक्ताडा फुकाटा, जे मन्नारच्या आखातात मुळातच होते. गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यांवरचे काम भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने पुढे नेले. आपल्याकडे शेततळ्यांत ज्याची चर्चा होते तो बहुधा ‘डिझाइन मोती’, म्हणजे शिंपल्याची भुकटी साच्यात घालून घडवलेली गणपतीची किंवा तशी प्रतिमा आणि तिच्यावर वर्ष-दीड वर्षात चढलेला थर. जुन्या चिनी बुद्धमूर्तींचीच ही रीत. गोल मोत्यांच्या भावावर या शेतीचे नफे मोजून दाखवणाऱ्या जाहिराती म्हणूनच सावधपणे वाचाव्यात.

मोत्याची कठीणता मोह्‌सच्या मापावर अडीच ते साडेचारच भरते, म्हणून हिरे-माणकांबरोबर एकाच डबीत ठेवला तर तो ओरखडतो. आम्ल त्याचे वैरी. लिंबू, अत्तर, केसांवरचा फवारा आणि घामही थर हळूहळू खातो, म्हणून मोती शेवटी घालावेत, आधी काढावेत आणि मऊ ओलसर फडक्याने पुसून ठेवावेत. वर्षानुवर्षे कोरड्या लॉकरमध्ये पडून राहिले, तर प्रथिनातला ओलावा जाऊन थराला तडे जाऊ शकतात. सर रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून ओवतात, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच निसटतो. रोजच्या वापरात असा सर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ओवून घ्यावा लागतो.